तपासनीस येतायत, माळ लपवा

मागच्या महिन्यात पार्सिपनीहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या बायकोच्या मेंदूला सूज आली होती आणि ती त्यांना ओळखत नव्हती. आमच्या वाघमारे काकूंनी त्यांना माझा नंबर दिला होता. "ताई, तुम्हालाही हेच झालं होतं ना? मग तुम्ही बऱ्या कशा झालात?" मला धड उत्तर देता आलं नाही. मी नुसतं "होतं बरं, धीर धरा" असं काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला.

म्हणून हे लिहितेय. पण आधीच सांगून ठेवते. यातलं काय मला खरंच आठवतं, काय माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं नंतर सांगितलं आणि काय मी आजारापूर्वी पुस्तकांत वाचलं होतं, हा गुंता अजून सुटलेला नाही. सुटेल तेव्हा लिहू म्हटलं तर लिहिणं व्हायचंच नाही.

आधीची मी

माझं नाव सुजाता. आम्ही जर्सी सिटीत राहतो. मिलिंद इलेक्ट्रिकल इंजिनिअर, रोज ट्रेननं मॅनहॅटनला जातो. मुलगी मैत्री, तेव्हा पहिलीत होती. मी इतिहासात पीएच.डी. करत होते. विषय होता सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खेड्यांतली साधी माणसं आणि त्यांचा धर्म.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक हसायचे. नागपूरची बौद्ध मुलगी इतक्या लांब येऊन इंग्रजांच्या चर्चचा अभ्यास कशाला करतेय? मी म्हणायचे, माझ्या बाबांमुळे. बाबा शाळामास्तर. धर्मांतर झालं तेव्हा मी चार वर्षांची होते. आमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांतले देव गोळा करून एका दिवसात नदीत सोडले, आणि त्यात पुढे माझे बाबा होते. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. "एका दिवसात, सुजाता," ते म्हणायचे. "माणूस ठरवतो तेव्हा बदलतो. हळूहळू वगैरे काही नसतं."

इंग्लंडमधल्या त्या माणसांना मात्र कोणी विचारलंही नव्हतं. शेतकरी बाई मरताना एक मेंढी चर्चला देऊन जायची, तिच्या लोकरीच्या पैशातून संताच्या मूर्तीपुढे मेणबत्ती तेवत राहावी म्हणून. मेलेल्यांसाठी घंटा वाजायची, प्रार्थना चालायच्या. मग राजाचा हुकूम आला, मेणबत्त्या विझवा. राजाच्या मुलाच्या काळात तपासनीस गावोगाव फिरू लागले, जपमाळ सापडली तरी दंड; मूर्ती फोडल्या, भिंतींवरच्या संतांच्या चित्रांना चुना फासला, लॅटिनऐवजी इंग्रजीत प्रार्थना सुरू झाली आणि मेलेल्यांसाठी आता काही मागायचं नाही असं ठरलं. मग त्याची थोरली बहीण राणी झाली आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं करा म्हणाली. लोकांनी गोठ्यांतून, माळ्यांवरून लपवलेल्या मूर्ती बाहेर काढल्या. थोडी वर्षं गेली, धाकटी बहीण गादीवर आली, आणि सगळं परत काढा. एकाच बाईच्या आयुष्यात हे सगळं घडलं. ती दर रविवारी त्याच चर्चमध्ये जात होती.

माझा मुद्दा असा होता की या लोकांना फारसं काही वाटलंच नसावं. पेरणी, दूध, बाळंतपणं यांतून सवड कुठे? वरून सांगितलं तसं त्यांनी केलं. माझ्या गाईड बाईंना हे पटत नव्हतं. "इतकं सोपं नसतं," त्या म्हणायच्या. मी बाबांचं उदाहरण द्यायचे.

निदान

सुरुवात डोकेदुखीनं झाली. मग ताप. फ्लू असेल म्हणून मी गोळ्या घेत राहिले. एका शनिवारी सकाळी फोन वाजत होता आणि मी मिलिंदला म्हटलं, "ती मेणबत्ती उचल ना, केव्हाची वाजतेय."

मैत्री खो खो हसली. मिलिंदही हसला. मी हसले नाही, कारण मला विनोद कळलाच नाही. मग मी चहात तांदूळ घातले. मिलिंदनं माझ्या हातातून पातेलं घेतलं, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. तो सांगतो की मी ओट्याजवळच कोसळले आणि माझे हातपाय झटके देऊ लागले.

हॉस्पिटलात शुद्ध आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं.

"शेवंता," मी म्हणाले.

मिलिंद पुढे झाला. "नो, नो, हर नेम इज सुजाता."

"शेवंता," मी पुन्हा म्हणाले. मिलिंदनं हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, सध्या देश कोण चालवतं? मी म्हणाले, "राणी. पण थोरली की धाकटी ते मला आता सांगता येणार नाही." त्यांनी फक्त लिहून घेतलं.

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, डोक्याचा स्कॅन झाला. संध्याकाळी त्यांनी मिलिंदला बाहेर बसवून सांगितलं, मेंदूला सूज आहे, विषाणूमुळे. नवं औषध निघालंय, ते सलाइनमधून देऊ. जगण्याची आशा आहे. पण उठेल ती आधीचीच असेल असं सांगता येत नाही.

मिलिंद मला नंतर एकदा म्हणाला, "मेलीस तर काय करायचं ते मला सुचत होतं गं. पण जगलीस आणि दुसरीच कोणी झालीस तर काय करायचं, ते मला कळेना."

गाव

ते दिवस मी हॉस्पिटलात नव्हतेच. मी एका गावात होते. दगडी चर्च होतं, बाहेर चिखल होता, मेंढ्या होत्या. पण चर्चच्या दारात आमच्या वस्तीतल्या बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. आत भिंतीला कोणी चुना लावत होतं आणि चुन्याचा वास औषधासारखा होता. मला काहीतरी म्हणायचं होतं. कुठल्या भाषेत म्हणायचं ते मात्र आठवत नव्हतं. चुकीच्या भाषेत म्हटलं तर शिक्षा होईल एवढं पक्कं माहीत होतं. लॅटिन? इंग्रजी? पाली? मराठी? मी तोंड उघडायचे आणि मिटायचे.

डोलोरेस नावाची फिलिपिनो नर्स माझ्याकडे असायची. ठेंगणी, पन्नाशीची, चालताना बुटांचा चक् चक् आवाज करणारी. माझं अंग पुसताना तिच्या खिशातून जपमाळ बाहेर आली. ती मी पाहिली.

"लपव ती!" मी इंग्रजीत ओरडले म्हणे. "तपासनीस येतायत. माळ लपव. तुला दंड करतील."

डोलोरेसनं वाद घातला नाही. "कुठे लपवू?" तिनं विचारलं.

"गोठ्यात. मेंढ्यांच्या मागे."

तिनं माळ माझ्या उशीखाली सरकवली. "इथे कोणी बघणार नाही," म्हणाली. मी शांत झाले आणि झोपले. पुढे बरी झाल्यावर मी तिला ती परत द्यायला गेले तेव्हा तिनं घेतली नाही. म्हणाली, "माझ्याकडे दुसरी आहे, आणि ते तपासनीस अजून आले नाहीत ना?"

पार्सिपनीच्या त्या गृहस्थांना मला एवढं तरी सांगता आलं असतं. रुग्णाशी वाद घालू नका. तिला जे दिसतंय ते तुम्हाला दिसत नसलं तरी भीती तिची खरी असते. "असं काही नाहीये" म्हटलं की ती एकटी पडते. "कुठे लपवू?" म्हटलं की तिच्या सोबत कोणीतरी असतं.

मिलिंद

दुसरी गोष्ट मला लिहायला जड जाते.

ताप सगळ्यात जास्त चढला त्या दुपारी मी मिलिंदचा हात घट्ट धरला आणि मराठीत बोलू लागले. त्याला वाटलं मी शुद्धीवर आले. तो जवळ वाकला. मी म्हणत होते, "मरीआई, सोड मला. मरीआई, तुला हिरवं लुगडं नेसवीन. सोड, माय."

मरीआई म्हणजे आमच्या जुन्या वस्त्यांच्या वेशीवरची देवी. पटकी, देवी असले रोग तीच आणते आणि तीच घेऊन जाते असं लोक मानायचे. मिलिंदच्या घरी तीन पिढ्या चळवळीत. त्याच्या काकांनी दारुड्या पोतराजांचे आसूड हिसकावून घेतले होते. आमच्या घरात एक बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढे आम्ही उदबत्तीसुद्धा लावत नाही, कारण मिलिंदला त्यात पूजेचा वास येतो. आणि त्याची शिकलेली बायको, अमेरिकेतल्या विद्यापीठात धर्माचा इतिहास शिकणारी, मरीआईला लुगडं कबूल करत होती.

"तू तिला ओळखतेस कशी?" मी थोडी बरी झाल्यावर त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत नाही."

"चार वर्षांची होतीस म्हणतेस देव गेले तेव्हा."

"मिलिंद, मला खरंच माहीत नाही. मला फोनला फोन म्हणता येत नाहीये."

तो मान हलवून कॉफी आणायला गेला. तो रोज ऑफिसातून थेट हॉस्पिटलात यायचा, माझे केस विंचरायचा, मला घास भरवायचा. यातलं काही त्यानं कमी केलं नाही. पण तो माझ्याशी परक्या माणसाशी बोलावं तसं जपून बोलू लागला.

मैत्री

मैत्री इतके दिवस वाघमारे काका-काकूंकडे पार्सिपनीला होती. मी व्हीलचेअरवर बसू लागल्यावर काकू तिला खालच्या लॉबीत घेऊन आल्या. दोन वेण्या, लाल कोट. मी तिच्याकडे पाहिलं. फार गोड मुलगी आहे असं वाटलं असावं. कोणाची आहे ते कळलं नसावं.

"आई, इट्स मी," ती म्हणाली.

मी हसून म्हटलं, "तुझी आई कुठेय बाळा?"

तिनं काकूंकडे पाहिलं. मग मिलिंदकडे. ती रडली नाही. "डॅडी, व्हाय इज शी टॉकिंग लाइक दॅट?" एवढंच म्हणाली आणि काकूंच्या पदरामागे गेली.

हे मला आठवत नाही, मिलिंदनंही सांगितलं नाही. वाघमारे काकूंनी वर्षभरानं सांगितलं, आणि सांगताना त्याच रडल्या. त्यानंतर मैत्री यायची तेव्हा दारातूनच मोठ्यानं म्हणायची, "आय ॲम मैत्री. आय ॲम युवर डॉटर." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एके दिवशी तिनं तसं म्हटल्यावर मी म्हटलं, "माहितीय गं. स्वेटर उलटा घातलायस." तिनं तिथेच स्वेटर काढून सरळ घातला. त्या दिवसापासून तिनं ओळख सांगणं बंद केलं.

घरी

घरी आले तेव्हा बर्फ वितळून गेला होता. तो पडला कधी ते मला ठाऊक नव्हतं. आजाराच्या आधीच्या कितीतरी महिन्यांतलं बरंचसं पुसलं गेलं होतं. मी लिहिलेली प्रकरणं मी वाचायचे आणि ती दुसऱ्या कोणाची तरी वाटायची. फार आत्मविश्वासानं लिहिलेली. त्या बाईला सगळं माहीत होतं. कोणाला काय वाटलं, काय वाटलं नाही.

गाईड बाई भेटायला आल्या. येताना त्यांनी सूप आणलं होतं, बेचव, पण गरम. मी त्यांना म्हटलं, "मला वाटतं मी सगळं चुकीचं लिहिलंय. किंवा बरोबर लिहिलंय. मला कळत नाही."

"हे तू पहिल्यांदाच म्हणतेयस," त्या म्हणाल्या. नापास करण्याच्या सुरात नव्हे. पण मला त्यानं बरं वाटलं नाही. माझा मुद्दा नाहीसा झाला होता, आणि त्याच्या जागी दुसरा आलेला नव्हता. चुना फासलेल्या भिंतीसमोर ती बाई रविवारी उभी राहायची तेव्हा तिला काय दिसायचं, पांढरी भिंत की आतला संत? पूर्वी मी पैजेवर सांगितलं असतं, भिंत. आता मी तिच्याइतकीच गोंधळलेली होते.

आणि घरात ती मरीआई. तिच्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. मिलिंद भाजी चिरायचा, मी शब्द शोधायचे. "ते... कापायचं..." "सुरी," तो म्हणायचा. सगळे शब्द तो मला परत देत होता, फक्त त्या एका शब्दाच्या आसपास जात नव्हता.

नागपूरचा फोन

आईबाबांकडे फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांकडे रविवारी सकाळी दोघं येऊन बसायची आणि आम्ही इथून लावायचो. आजारपणात मिलिंद बोलायचा. त्या रविवारी मी बोलले.

"जय भीम, आई."

"माय माझी," आई म्हणाली. मग जेवण, झोप, औषधं, मैत्रीची शाळा सगळं झालं. मग मी विचारलं.

"आई, माझं नाव शेवंता होतं का?"

"होतं की. दीक्षेनंतर बाबांनी सुजाता ठेवलं. तुला कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं डॉक्टरांना. आणि आई, तापात मी मरीआईला बोलवत होते. हिरवं लुगडं देते म्हणून. मला हे कुठून आलं?"

लाइनीत घरघर होत होती.

"बाबांना विचार," आई म्हणाली, आणि तिनं फोन दिला.

बाबांनी माझा प्रश्न पुन्हा विचारायला लावला. ऐकू आला नाही म्हणून की वेळ हवा होता म्हणून, कोण जाणे.

"तुला देवी आल्या होत्या," ते म्हणाले. "धर्मांतराला वर्षही झालं नव्हतं. तुझ्या पाठीवरचे व्रण त्याचेच. सरकारी दवाखान्यात नेलं, त्यांनी सांगितलं घरी न्या, आता काही हातात नाही."

"मग?"

"मग मी तुला खांद्यावर घेतलं. भर दुपारी, वस्तीत कोणी बाहेर नव्हतं तेव्हा. वेशीवर गेलो. तिथे पाय ठेवायचा नाही हे सगळ्यांना मीच सांगून बसलो होतो. दगडाचा शेंदूर उडून गेला होता. कोणी येत नव्हतं ना. मी म्हटलं, मरीआई, हिला सोड, तुला हिरवं लुगडं नेसवीन. तू खांद्यावर होतीस. तू ऐकलं असशील."

मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसले.

"नेसवलंत?"

"नेसवलं. तुझ्या आईचं होतं."

"बाबा, मग नदीत देव सोडले ते? एका दिवसात बदललात ते? मी त्याच्यावर सगळा अभ्यास उभा केलाय. ते खोटं होतं?"

"खोटं कशाला असेल!" ते एकदम मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "देव मी सोडले. आजही सोडीन. आणि तुला घेऊन गेलो तोही मीच."

"पण तुमचा विश्वास होता का तेव्हा? तिच्यावर?"

"तू भाजत होतीस, पोरी," ते म्हणाले. "माझ्या मानेला तुझा गाल लागत होता तो अजून आठवतो. विश्वास होता की नव्हता ते मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतर मी स्वतःला कधी विचारलं नाही. आता तू विचारू नकोस."

मग त्यांनी मिलिंदला नमस्कार सांग म्हटलं, डॉक्टरांचे पेशंट खोळंबलेत म्हटलं आणि फोन ठेवला.

मिलिंद दारात उभा होता. मैत्रीला आंघोळ घालून आला होता, बाह्या ओल्या होत्या. "काय म्हणाले बाबा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. शब्द चुकले, मागेपुढे झाले. दगडाला भिंत म्हटलं, खांद्याला पाठ. तो मध्ये एकदाही शब्द सुचवायला आला नाही. माझं संपल्यावर तो माझ्यासमोर फरशीवर बसला.

"परत सांग," म्हणाला. "सावकाश सांग."